कोणत्या सुपरहिरो चित्रपटाच्या पुढच्या भागानं तुमची सर्वांत जास्त निराशा केली, आणि का?

'स्पायडर-मॅन ३'. मे २००७.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एकाच सिनेमात तीन खलनायक कोंबले म्हणून तो फसला असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण कारण खरंच तेवढंच आहे का? मला तसं वाटत नाही. गर्दी झाली हे खरं, पण माझं दुखणं वेगळं आहे आणि ते इतक्या वर्षांनीही गेलेलं नाही. ते सांगायला दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी लागेल, त्यामुळे उत्तर लांबणार. दोन्ही सिनेमांची गोष्टही उघड होणार, तेव्हा पाहिले नसतील तर आधी पाहून या.

मी बेळगावचा, अनगोळचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमबागेत एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करायचे. २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन २' आला तेव्हा मी आठवीत होतो, मराठी शाळेत. सोबत शेजारचा मित्र होता, तो कन्नड शाळेतला. गल्लीत आम्ही खेळायचो मराठीत, भांडायचो कन्नडमध्ये आणि सिनेमा बघायचो हिंदीत. कारण सरळ होतं. हॉलिवूडचे सिनेमे मराठीत यायची पद्धतच नव्हती आणि कर्नाटकात परभाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब करायला १९६० च्या दशकापासून तिथल्या चित्रपटसृष्टीचीच अघोषित बंदी होती. त्यामुळे दोघांनाही जो स्पायडर-मॅन मिळाला तो हिंदी बोलणारा. तिसरा भाग भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूसोबत चक्क भोजपुरीतही आला, हे पेपरात वाचून आम्ही दोघंही थोडे हिरमुसलो होतो. (२०२३ मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती आणि कन्नडही. बातमी वाचल्यावर मी पहिला फोन त्या मित्राला केला.)

भाषा परकी असूनही दुसरा भाग आम्हाला घरचा वाटला, तो पैशामुळे. पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, पिझ्झा पोहोचवायचं काम करतो, उशीर होतो म्हणून ते काम जातं. खोलीचं भाडं थकलेलं असतं आणि घरमालक दारातच उभा असतो. त्याला लहानाचं मोठं करणारी मे काकू कर्जासाठी बँकेत जाते, बँक नाही म्हणते, राहतं घर जातं. आमच्याकडे आप्पांचा पगार नगावर होता. ओतलेला माल तपासणीत नापास झाला की त्या साच्याच्या पेटीचे पैसे नाहीत, घाम कितीही गाळलेला असो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालक आला की आई आत ओट्याशी उगाच भांडी वाजवत राहायची. तेव्हा छपरांवरून उड्या मारणारा माणूस भाड्यासाठी तोंड लपवतो हे बघून मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

त्यात एक प्रसंग आहे. पीटरचा वाढदिवस, मे काकूच्या हातात वीस डॉलरची नोट. तिच्याकडे स्वतःला पैसे नाहीत हे त्याला माहीत आहे, म्हणून तो घेत नाही. आणि ती एकदम ओरडते, घे म्हणते, फार नाहीत पण घे. लगेच तिला रडू येतं. आमच्याकडे पाहुणे परत जायला निघाले की दारात पोराच्या हातात दहा-वीस रुपये ठेवायची रीत आहे. पोरानं नको म्हणायचं, आईनंही नको म्हणायचं आणि तरी ते पैसे खिशात जायचेच. माझी खानापूरची आत्या अशीच द्यायची, आणि तिचे दिवस वाईट होते तेव्हाही तिनं ते चुकवलं नाही. 'नको' म्हटलं की ती चिडायची. का चिडायची हे मला त्या प्रसंगानं कळलं. न्यूयॉर्कच्या म्हातारीचा तो राग आमच्या आत्याचाच होता.

पण माझ्या लेखी त्या सिनेमाचा कणा आहे तो टेबलाचा प्रसंग. पहिल्या भागात पीटरनं एका चोराला, आपला काय संबंध म्हणून, जाऊ दिलेलं असतं आणि त्याच रात्री मे काकूचा नवरा बेन काका गोळी लागून मरतो. दुसऱ्या भागात हे तो मे काकूला सांगतो. ती त्याच्यासमोर बसलेली असते, त्याचा हात तिच्या हातात असतो. तो सांगून संपवतो, ती हात काढून घेते, उठते आणि काही न बोलता जिना चढून निघून जाते. बाकी काही नाही. पार्श्वसंगीताची आदळआपट नाही की तिचा आक्रोश नाही. पुढे बऱ्याच वेळानं, घर रिकामं करताना, ती त्याला जवळ घेते. मधला वेळ त्याला तसंच जगावं लागतं. थिएटरात शिट्ट्या मारणारी पोरं त्या वेळी गप्प होती, हे मला स्पष्ट आठवतं.

म्हणजे त्या सिनेमात जे जे पीटरच्या हातून जातं ते त्याच्या स्वतःच्या निवडीनं जातं. कॉलेजचे तास बुडतात कारण तो कुणालातरी वाचवायला गेलेला असतो. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती मेरी जेन दुरावते कारण तो बोलत नाही. आगगाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो तेव्हा डब्यातली माणसं त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात आणि त्याचा उघडा चेहरा पाहून म्हणतात, हे तर पोर आहे. हे प्रेमही त्याला फुकट मिळत नाही. दुसऱ्या भागाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं, पण मला आजही आठवतो तो काढून घेतलेला हात.

मग तीन वर्षं वाट पाहिली. २००७ मध्ये माझी एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, मे महिन्याची सुट्टी होती. पेपरात काळ्या पोशाखातला स्पायडर-मॅन आला तो मी कापून वहीत ठेवला. आणि या वेळी आप्पा म्हणाले, "मी बी येतो." आप्पा सिनेमाला फारसे जात नसत. पोरगं आता कॉलेजात जाणार, एकदा तरी बरोबर जाऊ, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. सायकलवर डबल सीट निघालो. तिसरं रेल्वे गेट पडलेलं होतं, मालगाडी जाता जाईना, आणि सुरुवात चुकणार म्हणून माझा जीव वरखाली.

सुरुवात चुकली नाही. आणि पहिल्या तासाभरात सिनेमानं असं काहीतरी दाखवलं जे दुसऱ्या भागातही नव्हतं.

फ्लिंट मार्को हा तुरुंगातून पळालेला चोर. त्याची लहान मुलगी आजारी आहे, तिच्या औषधपाण्यासाठी त्याला पैसा हवाय. पळता पळता तो एका प्रयोगाच्या खड्ड्यात पडतो आणि त्याचं शरीर वाळूत मिसळून जातं. दुसऱ्या दिवशी वाळूचा नुसता ढीग. एक-एक कण हलायला लागतो, ओघळतो, वर चढतो. ढिगातून खांद्यासारखं काहीतरी वर येतं आणि ढासळतं. परत येतं. समोर लॉकेट पडलंय, आत मुलीचा फोटो. तो हात पुढे करतो, बोटं लॉकेटला लागतात आणि बोटंच गळून पडतात. माणूस गुडघ्यावर येतो, तोंड उघडतो, आवाज फुटत नाही. मग तो सगळा जीव एकवटतो, हाताला आकार देतो आणि लॉकेट उचलतो. एकही संवाद नाही. हिंदी, इंग्रजी, भोजपुरी, सगळ्यांना सारखंच कळणारं.

मी पडद्याऐवजी आप्पांकडे बघितलं, कारण ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. अंधारात त्यांची उजवी मूठ आवळलेली दिसत होती.

हे जरा समजावून सांगतो. फाउंड्रीत साच्याची वाळू नुसती वाळू नसते. त्यात बेंटोनाइट माती असते, कोळशाची भुकटी असते आणि अगदी बेतानं पाणी असतं. मोल्डर काय करतो, मूठभर वाळू घेऊन दाबतो आणि मूठ उघडतो. गोळ्यावर बोटांचे ठसे उठले पाहिजेत. मग तो गोळा मधून मोडतो. कड स्वच्छ तुटली तर वाळू बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटली तर पाणी जास्त, आणि पाणी जास्त झालं की रस ओतल्यावर वाफ अडकून मालात भोकं पडतात. आप्पांनी आयुष्यभर दिवसातून कितीदा ही मूठ आवळली असेल त्याला गणती नाही. घरी आले की कानाच्या पाळीमागून काळी वाळू निघायची, आंघोळीच्या पाण्यात तळाशी बसायची. तो माणूस आता पडद्यावर वाळूला उभं राहताना बघत होता.

"कोरडी हाय रे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "धरायची न्हाई." आणि लॉकेट उचललं गेलं तेव्हा त्यांनी मूठ सोडली.

पुढे कधीतरी वाचलं की त्या सिनेमासाठी कितीतरी प्रकारच्या वाळूचे प्रयोग करून मग ॲरिझोनाची वाळू नमुना म्हणून धरली होती, आणि माणूस खरोखर गाडला जाईल अशा ठिकाणी वाळू धोक्याची म्हणून मक्याची दाणे काढलेली कणसं भरडून तो भरडा वापरला होता. आप्पांना सांगितलं तर ते मनापासून खूश झाले. म्हणाले, बरोबर केलं, वाळू छातीवर बसली तर माणूस उठत नाही.

हे एवढं सांगायचं कारण असं की 'स्पायडर-मॅन ३' वाईट माणसांनी, मन न लावता केलेला सिनेमा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तसा असता तर राग आला असता, दुःख झालं नसतं. त्याच्या पोटात एक पूर्ण सिनेमा होता: आजारी मुलीसाठी चोरी करणारा बाप आणि त्याच्या मागे लागलेला पीटर. तो सिनेमा करायचं सोडून दिला.

कसा सोडला ते बघा. पीटर आणि मेरी जेन बागेत बसलेले असताना आकाशातून उल्का पडते, नेमकी त्यांच्याजवळ, आणि तिच्यातलं काळं द्रव पीटरच्या स्कूटरला चिकटून घरी येतं. अख्खं न्यूयॉर्क सोडून तिथंच. पीटरचा मित्र हॅरी वडिलांच्या मरणाचा दोष पीटरला देऊन त्याचा वैरी झालेला असतो. त्याच्या डोक्याला मार बसतो, तो नेमकं ते वैर तेवढं विसरतो आणि गरज लागली की त्याला आठवतं. शेवटाकडे हॅरीचा जुना नोकर येऊन सांगतो की तुझे वडील स्वतःच्याच हत्यारानं मेले. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, दोन सिनेमे तो बोलला नाही. पीटरमुळे नोकरी गेलेला छायाचित्रकार एडी ब्रॉक चर्चमध्ये पीटरच्या मरणाची प्रार्थना करायला जातो आणि नेमकं तेच द्रव वरून त्याच्या अंगावर पडतं. योगायोग एखादा चालतो. इथं एका पाठोपाठ एक येतात आणि कुणालाच काही निवडावं लागत नाही.

सगळ्यात मोठा घाव बेन काकाच्या मरणावर घातलाय. तिसऱ्या भागात सांगतात की पीटरनं सोडलेल्या चोराच्या हातून काका मेलाच नव्हता, गोळी मार्कोच्या हातून सुटली, तीही दचकून. म्हणजे ज्या ओझ्यावर दोन सिनेमे उभे होते, जे ओझं टेबलाशी बसून मे काकूपुढे ठेवलं होतं, ते अर्धं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं आणि मग त्याच्याही डोक्यावरून उतरवलं. चूक कुणाचीच राहिली नाही.

ते द्रव पीटरच्या अंगावर चढून जो काळा पोशाख होतो, त्याचंही तेच. त्या काळात पीटर वाईट वागतो. मित्राचा चेहरा जाळतो, एकाची नोकरी घालवतो, क्लबमधल्या मारामारीत मेरी जेनला ढकलून खाली पाडतो. लोक रस्त्यातल्या आणि क्लबमधल्या त्याच्या नाचाला हसतात. आमच्या थिएटरातही हशा पिकला, मागून कुणीतरी "येन पा इदु?" (हे काय रे?) म्हणून ओरडलं आणि सगळे आणखी हसले. मला हसू आलं नाही. मला वाटत होतं की आता याला कुठंतरी उत्तर द्यावं लागणार. चर्चच्या घंटेच्या आवाजानं ते द्रव सुटून पडतं आणि दोषही त्याच्याबरोबर सुटून पडतो. मग मे काकू येते. तो म्हणतो, मी तिला दुखावलं. आणि ती सांगते की सगळ्यात अवघड गोष्टीनं सुरुवात कर, स्वतःला माफ कर.

ही तीच मे काकू जिनं हात काढून घेतला होता. जिला दुखावलं तिच्या दारात अजून तो गेलेला नाही, तिला काही बोललेला नाही, आणि स्वतःला माफ करून मोकळा? माझी निराशा नेमकी इथं आहे. तीन नाही, पाच खलनायक असते तरी चाललं असतं, जर तिनं या वेळीही त्याला विचारलं असतं की बाळा, तिला भेटलास का आधी?

मार्कोला पीटर शेवटी माफ करतो, तो प्रसंग चांगला आहे असं बरेचजण म्हणतात. मीही म्हणतो. वाळू होऊन वाऱ्यावर जाणारा मार्को बघताना घसा दाटतो. पण त्याआधी कितीतरी वेळ सिनेमा त्या माणसाला विसरून गेलेला असतो. शेवटी तो एक प्रचंड ढिगारा होऊन नुसता गरजत राहतो. लॉकेट उचलणारा तो बाप कुठं गेला?

मध्यंतरानंतर आप्पा मागे रेलून बसले ते तसेच. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "साचा लई मोठा केला. रस पुरला न्हाई." रस म्हणजे वितळलेलं लोखंड. पेटी मोठी आणि रस कमी पडला की माल कडेपर्यंत भरत नाही, कोपरे अर्धवट राहतात. असा माल बाहेरून बरा दिसला तरी परत भट्टीतच जातो.

रस का पुरला नाही याबद्दल पुढे पुष्कळ वाचायला मिळालं. दिग्दर्शक सॅम रायमीला व्हेनम या पात्राचं, म्हणजे ते काळं द्रव अंगावर पडून एडीचा जो खलनायक होतो त्याचं, फारसं प्रेम नव्हतं. निर्माता अवी अराडनं चाहत्यांना तो हवाय म्हणून आग्रह धरला आणि तो घेतला गेला. पुढे रायमीनं स्वतःच मान्य केलं की हा सिनेमा जमला नाही, आणि आपला ज्या पात्रावर विश्वास नाही ते हाती घेतलं की असंच होतं. खर्च सुमारे २६ कोटी डॉलर, जगभरातली कमाई ८९ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे तिन्ही भागांत सर्वांत जास्त. पैशाच्या हिशेबानं तो यशस्वी आहे. तरी चौथा भाग झाला नाही. जानेवारी २०१० मध्ये तो रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि २०१२ मध्ये नवा नट घेऊन गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. चौथ्या भागात रायमीनं कदाचित हे सगळं सावरलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

त्या संध्याकाळी परतताना तिसरं गेट पुन्हा पडलेलं. सायकल धरून उभे होतो. आप्पा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले,

"त्या पोरीचं काय झालं रे?"

"कुठल्या?"

"त्या वाळूवाल्याच्या. आजारी होती ती."

मी आठवून बघितलं. सिनेमात ते कुठंच नव्हतं. ती बरी झाली का, पैसे मिळाले का, बाप तिला भेटला का, काहीच नाही. ज्या मुलीसाठी ही सगळी धावपळ, तिला सिनेमा शेवटी विसरून गेला होता. "सांगितलं न्हाई त्यात," मी म्हणालो. गाडी गेली, गेट उघडलं.

डिसेंबर २०२१ मध्ये 'नो वे होम' आला, त्यात जुने खलनायक परत आले आणि मार्कोही आला. तो म्हणतो की मला मुलगी आहे, मला घरी जायचंय. मी रात्रीच्या खेळाला गेलो होतो. तोवर आप्पा निवृत्त झाले होते. गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या नको म्हणायचे. घरी आलो तर जागे होते. मी सांगितलं की तो वाळूवाला आलाय परत या सिनेमात, बरा झाला, घरी गेला.

"पोरगी भेटली काय?"

"दाखवलं न्हाई, आप्पा."

ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवा घालव," आणि कुशीवर वळले.